दिग्दर्शन पाठ कोणी घ्यायचा?

आमच्या शाळेत दर वर्षी डी.एल.एड.ची, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेची मुलंमुली आंतरवासितेसाठी, शाळेत प्रत्यक्ष शिकवून बघायला येतात. कोर्सचं नाव बदलून बरीच वर्षं झाली, पण गावात आणि आमच्या तोंडात अजून डी.एड.च आहे. थंडीच्या दिवसांत त्यातल्या एका मुलीचा तिसरीला गणिताचा पाठ होता, हातच्याची वजाबाकी. पोरीनं तयारी मनापासून केली होती. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबर लावून आणले होते, सुट्या काड्या वेगळ्या डब्यात, कार्डशीटवर रंगवलेलं वाण्याचं दुकान. टाचण नीट, प्रास्ताविक गोड, हेतुकथन स्वच्छ. तिच्या कॉलेजच्या मॅडम मागच्या बाकावर निरीक्षणाचा तक्ता घेऊन बसल्या होत्या आणि मी दाराशी उभी होते. सरावाला ५२ वजा २७ हे गणित आलं. खिडकीजवळच्या एका मुलानं पाटीवर ३५ लिहिलं. त्याच्या शेजारच्याचंही ३५च. मुलीनं पाटी बघितली, 'चुकलंय, परत कर' म्हणाली. त्यानं थुंकी लावून पुसलं, परत केलं, परत ३५ आलं. मग तिनं फळ्यावर तेच गणित पहिल्यापासून सोडवून दाखवलं, मुलांनी उतरवून घेतलं आणि घंटा झाली.

मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला व्हरांड्यात बोलावलं आणि कसं केलंस ते सांग म्हटलं. तो म्हणाला, "सातातनं दोन गेलं पाच, पाचातनं दोन गेलं तीन." मी म्हटलं, "पण दोन वर आहेत ना, आणि सात खाली?" त्यानं माझ्याकडं जरा नवलानंच बघितलं. "मोठ्यातनं बारकं काढायचं असतंय की, बाई." दुसरीत त्याला हेच सांगितलं होतं, आणि त्यानं ते जिवापाड पाळलं होतं. त्याची वजाबाकी त्याच्या नियमानं बिनचूक होती. नियमच अर्धवट दिला गेला होता. ती मुलगी शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. ती वळून तिच्या मॅडमना म्हणाली, "मॅडम, असं झालं की पुढं काय करायचं असतं?" मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू का, एवढ्या लहान मुलांना मी कधी शिकवलंच नाही. तू बाईंनाच विचार."

त्यांचा तो खरेपणा तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

मॅडमबद्दल माझ्या मनात जराही किल्मिष नाही, हे आधीच सांगते. रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग बी.एड., एम.एड. आणि प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा झालेल्या. तासिका तत्त्वावर काम करतात, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि उन्हाळ्यात तेही नाहीत. गणित, विज्ञान आणि बालमानसशास्त्र असे तिन्ही विषय त्यांच्याकडं, वर तपासणीच्या फायली. त्या दिवशी त्या एसटीनं आल्या होत्या, डबाही सोबत होता, आणि शेवटच्या पाठापर्यंत थांबल्या. कामात कसूर करणारी ही बाई नव्हे. त्यांना ज्या गोष्टीसाठी निवडलं, त्या गोष्टी त्यांच्याकडं आहेत. अध्यापक महाविद्यालयांच्या जाहिराती मी अधूनमधून वाचते. त्यात एम.एड. मागतात, नेट-सेट मागतात, पीएच.डी. असेल तर प्राधान्य म्हणतात. उमेदवारानं पहिली-दुसरीचा वर्ग किती वर्षं सांभाळलाय, असं विचारणारी जाहिरात माझ्या पाहण्यात आलेली नाही. त्यांच्या हातातल्या तक्त्यात फलकलेखन होतं, आवाज होता, साहित्याचा वापर होता, वर्गनियंत्रण होतं. ३५ का आलं, हे लिहायला रकानाच नव्हता.

माझं स्वतःचं डी.एड. नव्वदच्या दशकातलं. बारावीला बरे गुण मिळाले की मुलींनी डी.एड.ला जायचं, लगेच नोकरी लागते, असा तो काळ. आमचं वसतिगृह, बोरूनं गिरवलेली बाराखडी, फ्लॅनेलच्या फलकाला चिकटणारी कागदी फळं, रात्री उशिरापर्यंत तक्ते रंगवताना पोस्टर कलरचा येणारा तो आंबूस वास, हे सगळं अजून जसंच्या तसं आहे माझ्यात. आणि आहेत आमचे गणित पद्धतीचे सर. ते मूळचे प्राथमिक शिक्षक. भुदरगडच्या डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, चार इयत्ता एका खोलीत. नोकरी करत करत बाहेरून बी.ए. झाले, बी.एड., एम.एड. झाले आणि मग आमच्या विद्यालयात आले. ते वर्गात बोलायला लागले की पुस्तकातला मुद्दा यायचा आणि त्याच्या मागोमाग एखादं पोर यायचं, नावानिशी. कोण बोटं मोजताना अंगठा धरायचं विसरायचा, कुणाला १७ आणि ७१ एकच वाटायचं, कोण गाईला चारा मोजून घालायची पण वहीतली बेरीज चुकायची. आम्ही ज्या मुलांना अजून भेटलोच नव्हतो, ती मुलं आम्हाला ओळखीची झाली होती.

सरांची एक गोष्ट मी आता नव्या शिक्षकांना सांगते. पहिला दिग्दर्शन पाठ, म्हणजे आम्ही बघून शिकायचा नमुन्याचा पाठ, ते स्वतः घ्यायचे, सराव शाळेतल्या मुलांवर, आम्हा सगळ्यांसमोर. असाच एकदा घड्याळाचा पाठ होता. सव्वातीन झाले, साडेतीन झाले, आणि पावणेचारला एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, काटा तर तीनच्या पुढं आहे, चारला पोचलाच नाही, मग चार कशाला म्हणायचं? सरांनी समजावलं. तिनं मान हलवली नाही. सरांनी दुसऱ्या तऱ्हेनं समजावलं. ती गप्प बसली, पण पटलेलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि आता बाकीच्यांनाही पटेना झालं होतं. पाठ तिथंच अडला, वेळ संपला. आम्हाला वाटलं सर चिडणार. चर्चेच्या तासाला त्यांनी फळ्यावर तेच घड्याळ काढलं आणि म्हणाले, "आजचा माझा पाठ बसला. का बसला ते तुम्ही सांगायचं." तो अख्खा तास आम्ही सरांची चूक शोधत होतो आणि सर ती आम्हाला शोधू देत होते. दुसऱ्या दिवशी ते घरून भाकरी घेऊन आले, चार भाकऱ्या. शेवटचीचा चतकोर तोडून बाजूला ठेवला आणि त्या मुलीलाच विचारलं, आता किती? ती म्हणाली, चारला चतकोर कमी. एवढं झाल्यावर घड्याळाकडं वळले. शिक्षक घडवणाऱ्या माणसाच्या अंगी काय असावं, असं मला कुणी विचारलं तर मी त्या दोन दिवसांकडं बोट दाखवीन.

पण गोष्ट एवढीच असती तर मी म्हटलं असतं, प्राथमिक शिक्षकांनाच उचलून कॉलेजात नेमा आणि मोकळे व्हा. तसं म्हणवत नाही, कारण तिथंच आमच्या मानसशास्त्राच्या बाई होत्या. कोल्हापूर शहरातल्या, मानसशास्त्रात एम.ए., प्राथमिक शाळेचं तोंड त्यांनी स्वतःच्या शाळकरी वयानंतर पाहिलं नसावं. त्यांनी एकदा आम्हाला सुट्टीला घरी जाताना एक काम दिलं. एकसारखे दोन पेले घ्या, दोन्हीत सारखं पाणी भरा, पाच वर्षांच्या मुलाकडून सारखं आहे असं वदवून घ्या, मग त्यातलं एक पाणी उंच निमुळत्या भांड्यात ओता आणि विचारा, आता कशात जास्त? मी शेजारच्या घरातल्या मुलाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवून विचारलं. तो ठामपणे म्हणाला, उंचात जास्त. मी पाणी परत ओतलं, सारखं झालं, त्यानं कबूल केलं. परत उंच भांड्यात ओतलं, परत जास्त झालं. मला त्या दिवशी जे कळलं ते सरांनी कधी शब्दांत सांगितलं नव्हतं: मूल चुकतं तेव्हाही ते विचार करत असतं, आणि तो विचार बाहेर काढता येतो. हा पेल्यांचा प्रयोग मानसशास्त्रज्ञ पियाजेचा, आणि तो स्वतःच्या तीन लेकरांकडंही तासन् तास बघत बसायचा, हेही बाईंनीच सांगितलं. व्हरांड्यात त्या मुलाला 'कसं केलंस' असं मी विचारलं, तो प्रश्न सरांचा नाही, बाईंचा आहे.

आणि अनुभवाचंही मी फार कौतुक करणार नाही. पहिली-दुसरीला वर्षानुवर्षं शिकवणारे, आणि ३५वर फुली मारून पुढच्या वहीकडं वळणारे शिक्षक मी बघितले आहेत. त्यांचा अनुभव त्यांच्याजवळच राहिला, कारण त्याच्याकडं वळून बघायला त्यांना कुणी शिकवलं नाही. आमच्या सरांना ते बघणं जमलं होतं. बाईंना बघायचं कसं ते ठाऊक होतं, मुलं मात्र त्यांच्याजवळ नव्हती. आम्हाला दोघं एकाच इमारतीत मिळाले, हे आमचं भाग्य. ते भाग्यावर सोडायला नको होतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

शिकवणारा कुठून आलाय याला महत्त्व आहे, हे आपल्याकडं फार आधी सांगून झालंय. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावं, पगार चांगला द्यावा, असं मांडलं होतं. वेळ पडली तर नांगराला हात लावायला ज्याला लाज वाटणार नाही, तो त्या मुलांत मिसळेल, त्यांच्या गरजा त्याला कळतील, हा त्यांचा मुद्दा. मी तो वाचते तेव्हा मला पुढचा प्रश्न पडतो. असा शिक्षक तयार करायचा तर त्याला शिकवणारा कोण हवा? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढलं, तेव्हा बहुजनांच्या पोरांनी शिक्षक होऊन गावोगाव जायचं हेच त्यांच्या मनात होतं. पण फुल्यांनी शिक्षकासाठी लावलेली कसोटी शिक्षकाच्या शिक्षकाला लावायचं आपण पुढं विसरूनच गेलो.

ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताच्या पालघरमध्ये, ते विसरलं गेलं नव्हतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर ते कोसबादच्या टेकडीवर गेलं. ताराबाई पदवीधर, राजकोटला अध्यापिकांच्या कॉलेजच्या प्राचार्या राहिलेल्या, आणि ते सोडून भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिरात लहान मुलांत जाऊन बसलेल्या. अनुताई वाघ त्यांच्या उलट टोकाच्या, व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा होऊन शिक्षिका झालेल्या, नोकरी करत पुढं शिकत गेलेल्या. या दोघींनी मिळून बालवाडीच्या शिक्षिका तयार केल्या, त्या बालवाडीच्या अंगणातच. शिकवायला मोठी इमारत नव्हती, समोर वारली मुलं होती. कुरणात गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात म्हणून शाळा कुरणात गेली. शिकाऊ बायकांनी हे डोळ्यांनी बघितलं आणि आपल्या शिक्षिका ते करताना बघितल्या.

कोल्हापूरच्या लीलाताई पाटलांचं तर मला राहून राहून नवल वाटतं. अध्यापक महाविद्यालयांत वर्षानुवर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या. एवढं केल्यावर कुणीही मार्गदर्शक म्हणून व्याख्यानं देत फिरलं असतं. लीलाताईंनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, प्राथमिक शाळा, आणि त्या स्वतः मुलांत गेल्या. आयुष्यभर शिक्षकांना जे सांगितलं ते आपल्याला करता येतं का, हे त्या वयात तपासून बघायचं धाडस सोपं नाही. त्या २०२० साली गेल्या. त्या शाळेवरून जाताना माझ्या मनात दर वेळी एकच येतं: हे त्यांना निवृत्तीनंतर का करावं लागलं? नोकरीत असतानाच, दर दोन वर्षांनी एक सत्र शाळेतल्या मुलांत, अशी सोय त्यांना कुणी का करून दिली नव्हती?

सोय नव्हती, कारण ही दोन जगं आपल्याकडं वेगळीच वाढली. शिक्षणावरच्या कोठारी आयोगानं १९६६ साली हे स्वच्छ लिहिलं, की शिक्षक-प्रशिक्षण संस्था शाळांपासून तुटल्या आहेत, विद्यापीठांपासून तुटल्या आहेत आणि एकमेकींपासूनही. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक म्हणजे आमच्या आजऱ्याकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे संस्थापक. खेड्यात राहून शिक्षणाचं काम केलेला माणूस तो वाक्य लिहिणाऱ्यांत होता, म्हणून त्या वाक्याला वजन आहे. पुढं २००९ साली शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय आराखड्यात प्रशिक्षकांच्या तयारीवर स्वतंत्र प्रकरण आलं. आपलं एम.एड. मुख्यतः माध्यमिकचा विचार करून बांधलेलं, आणि प्राथमिकचे शिक्षक घडवायलाही तेच चालतं. मॅडम रसायनशास्त्रातून तिसरीच्या वजाबाकीपर्यंत पोचल्या त्या याच वाटेनं. त्यांना दुसरी वाट कुणी दाखवलीच नव्हती.

मधली वर्षं तर बघवत नाहीत. दोन हजारच्या पुढं डी.एड.ला अशी झुंबड लागली की तालुक्यातालुक्यात कॉलेजं निघाली. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर भरणारं कॉलेज मी बघितलंय. सराव शाळा कागदावर, प्रयोगशाळा कुलपात, आणि शिकवायला काल-परवा एम.एड. झालेली पोरं. मान्यतेची भांडणं सर्वोच्च न्यायालयात गेली, महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्याच प्रकरणातून न्या. वर्मा आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल २०१२ साली आला. तोवर इकडं भरती आटली होती, जागा रिकाम्या राहायला लागल्या आणि कॉलेजं एकामागून एक बंद पडली. त्यात नोकरी गेलेल्या प्राध्यापकांत काही फार चांगले शिक्षक होते. त्यांतले एक आता खतांचं दुकान चालवतात. दुकानात गेलं की अजून विचारतात, यंदा पहिलीला किती पोरं आहेत?

नोकरीतल्या आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण यापेक्षा निराळं नाही. राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला, तालुक्यावरून केंद्राला. आमच्यापर्यंत येईतो पडद्यावरच्या ओळी तेवढ्या उरतात. पंखे गरगरतात, जेवणानंतर मागच्या रांगा पेंगायला लागतात. पण एकदा पायाभूत वाचनाच्या प्रशिक्षणात सुलभक म्हणून, म्हणजे प्रशिक्षण घ्यायला आलेल्या एका शिक्षिकेनं प्रोजेक्टर बंद केला आणि पिशवीतून तिच्या पहिलीच्या मुलांच्या वह्या काढल्या. एक वही तिनं हातोहात फिरवली. त्या मुलानं 'घर' हा शब्द पानभर लिहिला होता आणि प्रत्येक ठिकाणी 'घ'च्या जागी 'ध' होता, शिरोरेषेसह. ती म्हणाली, हा मुलगा वाचतो बरोबर आणि लिहितो चूक, तर त्याला काय येतंय आणि काय येत नाही? शंभरेक शिक्षक भांडायला लागले. चहा आला तरी कुणी उठेना. कुणी म्हणालं, आधी 'घ' आणि 'ध' शेजारी ठेवू नका. कुणी म्हणालं, बोटानं वाळूत गिरवून घ्या. एक गुरुजी उठून स्वतःच्या वर्गातली वही गाडीच्या डिकीतून घेऊन आले. एवढं ज्ञान त्या खोलीत आधीपासून होतं, फक्त ते मागणारं कुणीतरी समोर हवं होतं. ती शिक्षिका प्रशिक्षण संपल्यावर आपल्या वस्तीवरच्या शाळेत परत गेली. कागदोपत्री ती सुलभक. तज्ज्ञ हा शब्द तिच्या नावापुढं कुठं लागला नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक परिच्छेद आहे. शिक्षणशास्त्र विभागांतले अध्यापक निरनिराळ्या पार्श्वभूमीचे असावेत, शिकवण्याच्या आणि प्रत्यक्ष क्षेत्रातल्या कामाच्या अनुभवाला मोठी किंमत द्यावी, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, समाजशास्त्र, गणित-शिक्षण अशा विषयांतली माणसं तिथं आणावीत, असं त्यात म्हटलंय. मला वाचताना आमचे सर आणि आमच्या बाई शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या. बारावीनंतरचा चार वर्षांचा, पदवी आणि बी.एड. एकत्र असलेला एकात्मिक अभ्यासक्रम आता सुरू झालाय, नव्या नेमणुका होतील. त्या करताना हा परिच्छेद कुणी समोर ठेवील का, याची मला खरोखर काळजी आहे, कारण इमारती आणि अभ्यासक्रम आपण पटकन बदलतो, नेमणुकीचे निकष बदलायला आपले हात जड होतात.

मला स्वतःला गेल्या वर्षी वरून विचारणा झाली, शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या कामाला, विषय सहाय्यक म्हणून प्रतिनियुक्तीवर येता का. मोह झाला, खोटं कशाला बोलू. शिकाऊ पोरींना बोलावून पाट्या दाखवायच्या, हे काम मला आवडेल. पण तिकडं गेलं की पहिलीचा वर्ग सुटतो, आणि वर्ग सुटला की दोन-तीन वर्षांत माझ्याजवळ नुसत्या आठवणी राहतील, आणि आठवणीतली मुलं फार शहाणी असतात. म्हणून मी लिहून कळवलं की येते, पण आठवड्यातले तीन दिवस माझा वर्ग माझ्याकडं राहू द्या, आणि त्या तीन दिवसांत प्रशिक्षणार्थींना माझ्या वर्गात पाठवा. सोबत हेही लिहिलं की कॉलेजच्या प्राध्यापकांनाही शाळेतला एखादा वर्ग सत्रभर द्यावा, पाहुणे म्हणून नाही, हजेरीसकट आणि परीक्षेसकट. अशी तरतूद नाही, पूर्णवेळ यावं लागेल, असं उत्तर आलं. जूनमध्ये मी पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी धोरणातलं ते पान झेरॉक्स काढून सोबत जोडीन, आणि प्रशिक्षणात वह्या फिरवणाऱ्या त्या शिक्षिकेलाही तिच्या शाळेतून तसाच अर्ज करायला सांगितलंय.